एकच संकेत, दोन पडदे : उच्च तेजोव्याप्तीच्या प्रक्षेपणातील सुसंगतीचा प्रश्न

दूरचित्रवाणीच्या तंत्रात सुधारणा होते त्या प्रत्येक वेळी एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो : ज्यांच्या घरी पूर्वीचे ग्राहकयंत्र आहे, त्यांचे काय करावयाचे? १९५३ साली अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाची जी पद्धती मान्य झाली, तिच्यात तेजाचा व रंगाचा संकेत परस्परांपासून अलग ठेवले होते. त्यामुळे कृष्णधवल यंत्र केवळ तेजाचा संकेत उचलून आपले चित्र पूर्ववत दाखवू शके. उच्च तेजोव्याप्तीच्या, म्हणजेच हाय डायनॅमिक रेंज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्राच्या बाबतीत ही सोय उपलब्ध नाही. येथे भर पडते ती तेजातच, आणि तेज तर जुने यंत्रही वाचतेच. नवा संकेत जुन्या यंत्राने जुन्याच रीतीने वाचावा आणि तरीही चित्र बिघडू नये, हा पेच कसा सोडविला जातो याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सामान्य पडद्यासाठी तयार होणारे चित्र दर चौरस मीटरला सुमारे १०० कँडेला एवढे कमाल तेज गृहीत धरून सिद्ध केले जाते. असा पडदा आलेल्या संकेताचा २.४ वा घात घेऊन त्याचे प्रकाशात रूपांतर करतो. ही रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०११ साली प्रमाण म्हणून नोंदविली. नव्या पडद्यांचे कमाल तेज १,००० कँडेला किंवा त्याहूनही अधिक असू शकते.

नव्या पडद्यासाठी २०१४ साली परसेप्च्युअल क्वांटायझर हा वक्र प्रमाणित झाला. त्यात संकेताचे प्रत्येक मूल्य एका निश्चित, निरपेक्ष तेजाचे निदर्शक असते आणि त्याची मर्यादा १०,००० कँडेलापर्यंत जाते. डोळ्यास जाणवणारा तेजातील लहानात लहान भेद हा त्याचा आधार होय. तथापि जुन्या पडद्याचा विचार त्यात केलेला नाही. १ कँडेलाचा संकेत सुमारे ०.१५ आणि १०० कँडेलाचा सुमारे ०.५१ असतो. १०० कँडेला क्षमतेच्या जुन्या पडद्याने त्यांचा २.४ वा घात घेतला, की अनुक्रमे सुमारे १ व २० कँडेला तेज मिळते. मूळची शंभरपट तफावत अशा रीतीने विसांच्या आत येते, आणि चित्र फिके व निस्तेज दिसते.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन व जपानची एनएचके या संस्थांनी वेगळी वाट धरली. त्यांनी विकसित केलेला हायब्रिड लॉग-गॅमा हा वक्र २०१५ साली जपानमध्ये व २०१६ साली दूरसंचार संघाच्या बीटी. २१०० या शिफारशीत प्रमाणित झाला. त्याचे दोन भाग आहेत. दृश्यातील कमाल प्रकाश १ मानला, तर एक द्वादशांशापर्यंतच्या प्रकाशासाठी संकेत हा प्रकाशाच्या तिपटीचे वर्गमूळ असतो. त्यापुढील प्रकाशासाठी तो लॉगरिथमच्या नियमाने वाढतो. दोन्ही भाग संकेताच्या बरोबर ०.५ या मूल्याशी एकमेकांस मिळतात.

या वर्गमुळातच सुसंगतीचे रहस्य आहे. वर्गमूळ म्हणजे ०.५ वा घात. जुना पडदा त्याचा २.४ वा घात घेतो. दोहोंचा गुणाकार १.२ होतो. १,००० कँडेलाच्या नव्या पडद्यासाठीही दृश्यातील प्रकाशापासून पडद्यावरील तेजापर्यंतचा एकूण घात १.२ हाच ठरविलेला आहे. म्हणून करड्या छटांपुरते बोलावयाचे, तर खालच्या अर्ध्या संकेतात दोन्ही पडदे तेजाची प्रमाणे तंतोतंत सारखीच राखतात. फरक असतो तो केवळ मापाचा : १०० कँडेलाच्या जुन्या पडद्यावर त्या भागातील तेज नव्याच्या ०.३७ पट असते.

वरच्या अर्ध्या भागात मात्र तडजोड आहे. नव्या पडद्यावर हा भाग सुमारे ५१ पासून १,००० कँडेलापर्यंत, म्हणजे जवळजवळ वीसपट पसरतो. जुन्यावर तो १९ पासून १०० पर्यंत, म्हणजे पाचपटीहून थोडा अधिक असतो. पांढऱ्या कागदासारख्या पृष्ठासाठी ०.७५ हा संकेत सुचविलेला आहे. त्याचे नव्या पडद्यावर सुमारे २०३ कँडेला होतात, तर जुन्यावर अवघे ५०. उरलेली जागा सूर्यप्रकाशातील ढग, दिवे, पाण्यावरील चकाकी यांसाठी राखून ठेवावी लागते. जुन्या यंत्राच्या प्रेक्षकास चित्र मिळते, परंतु ते किंचित मंद असते.

रंगाच्या बाबतीतही ही सुसंगती मर्यादित आहे. नवा पडदा तेजाचा हिशेब तीनही रंगांच्या एकत्रित तेजावरून करतो, जुना प्रत्येक रंगाचा घात स्वतंत्रपणे घेतो. त्यामुळे गडद रंगांत भेद पडतो. शिवाय नवा संकेत बीटी. २०२० च्या विस्तृत रंगक्षेत्रात असतो. ते क्षेत्र न जाणणाऱ्या यंत्रावर रंग फिके पडतात. म्हणजे ज्या जुन्या यंत्रांना हा लाभ खऱ्या अर्थाने मिळतो, ती विस्तृत रंगक्षेत्र ओळखणारी अल्ट्रा हाय डेफिनिशन यंत्रे होत.

संकेताची ओळख पटविण्याची युक्तीही लक्षणीय आहे. एचइव्हीसी पद्धतीने संकुचित केलेल्या प्रवाहात वक्राचा क्रमांक नोंदलेला असतो. सुसंगत प्रक्षेपणात तेथे जुन्या यंत्रास परिचित असा १४ हा क्रमांक देतात आणि हायब्रिड लॉग-गॅमाचा १८ हा क्रमांक एका पूरक संदेशात ठेवतात. जुने यंत्र अपरिचित संदेशाकडे दुर्लक्ष करते. नवे यंत्र तो वाचून आपला वक्र बदलते.

याहून निराळे मार्गही आहेत. सामान्य चित्राचा एक थर व त्यावर सुधारणेचा दुसरा थर पाठविता येतो. त्यात जुन्या पडद्यासाठी स्वतंत्रपणे घडविलेले चित्र देता येते, परंतु अधिक बिट खर्ची पडतात. सामान्य चित्रासोबत त्याचा विस्तार कसा करावा याची माहिती जोडणे हा आणखी एक मार्ग. मात्र थेट प्रक्षेपणात चित्र अनेक टप्प्यांतून जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर ही माहिती अखंड राहील याची दक्षता घ्यावी लागते. हायब्रिड लॉग-गॅमास अशा माहितीची गरज नाही, हे त्याचे बळ. आणि एकाच संकेतात दोघांचे समाधान साधावयाचे असल्याने जुन्या पडद्यासाठी वेगळा निर्णय घेता येत नाही, ही त्याची उणीव. सुसंगती विनामूल्य मिळत नाही. तिचे मूल्य कोणत्या प्रेक्षकाने व चित्राच्या कोणत्या भागात द्यावयाचे, हे वक्राची निवड करतानाच ठरून जाते.