वारशातला भात्याचा कॅमेरा: ओळख आणि दुरुस्ती

जुन्या कपाटातून निघणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यांत घडी होणारा, भात्याचा फोल्डिंग कॅमेरा हमखास असतो. जर्मनीतल्या म्युनिकच्या कारखान्यात अग्फा कंपनीने बनवलेला आयसोलेट हा त्याचा ठळक नमुना. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० पर्यंत त्याची अनेक मॉडेले निघाली. अमेरिकेत तो अँस्को स्पीडेक्स या नावाने विकला गेला. अशा कॅमेऱ्याचा धातू आणि काच सहसा शाबूत असतात. निकामी होतात ते वंगण आणि भाता. त्यामुळे बहुतेक दुरुस्ती या दोहोंभोवतीच फिरते.

ओळख पटवायला लेन्सभोवतीची कडी वाचावी. तिच्यावर लेन्सचे नाव, सर्वांत मोठे छिद्र आणि केंद्रांतर कोरलेले असते. आयसोलेटमध्ये अग्नार आणि अपोटार या तीन भिंगांच्या, तर सोलिनार ही चार भिंगांची आणि अधिक सरस लेन्स. शटरचे नावही तिथेच सापडते. प्रोंटोर हे काल्मबाखच्या गॉथिएर कारखान्याचे, कॉम्पूर हे म्युनिकच्या डेकेल कारखान्याचे. वरच्या भागात अंतरमापक असेल तर तो आयसोलेट ३ किंवा सुपर आयसोलेट. मापक लेन्सला जोडलेला असेल तर सुपर. अंतर वाचून लेन्सवर हाताने लावावे लागत असेल तर ३. प्रकाशमापक असलेले मॉडेल ‘एल’.

कॅमेरा पुन्हा वापरता येईल की नाही, हे फिल्मच्या मापावर ठरते. आयसोलेटला १२० चा रोल लागतो. १९०१ मध्ये कोडॅकने आणलेले हे माप आजही बनते आणि ६×६ सेंमीचे १२ फोटो देते. कोडॅकच्या अनेक कॅमेऱ्यांना लागणारा ६२० चा रोल मात्र १९९५ मध्ये बंद झाला. त्यासाठी १२० ची फिल्म अंधारात ६२० च्या बारीक रिळावर गुंडाळून घ्यावी लागते.

मागचे झाकण उघडण्याआधी त्यावरच्या लाल खिडकीत डोकावावे. कागदावरचा आकडा दिसला तर आत रोल आहे. तो शेवटपर्यंत गुंडाळून मंद उजेडात काढावा. जुनी छायाचित्रे निघण्याची शक्यता असते. काही मॉडेलांत रोलची चावी फिरवल्याशिवाय बटण दबत नाही. एकावर एक दोन फोटो पडू नयेत म्हणून ही सोय असते, पण माहीत नसल्यास कॅमेरा बिघडल्याचा समज होतो. काहीही अडले तर जोर लावू नये. सेल्फ टायमरची कळ तर हलवूच नये; ती अडकली की शटरच बंद पडते.

आयसोलेटचे ठरलेले दुखणे म्हणजे फोकसची कडी. समोरचे भिंग आट्यांवर पुढे-मागे फिरून फोकस साधते. त्या आट्यांमधले वंगण वाळून हिरवट, चिकट डिंकासारखे होते. मग कडी फिरतच नाही, किंवा पुढच्या भिंगाबरोबर मधले भिंगही फिरते आणि फोकस बिघडतो. कडीचे तीन बारीक स्क्रू सैल करून ती काढतात, जोडभिंगे बाहेर घेतात आणि लायटरच्या इंधनात भिजवून हळूहळू वेगळी करतात. हे इंधन चटकन पेट घेते, म्हणून काम खिडकी उघडी ठेवून, आगीपासून दूर करावे. आटे पुसून नवे वंगण नाममात्र लावावे. जोडताना शटर उघडे ठेवून फिल्मच्या जागी अर्धपारदर्शक चिकटपट्टी ताणतात, दूरची इमारत तिच्यावर भिंगातून पाहतात आणि ती स्पष्ट दिसेल तिथे अनंत अंतराची खूण बसवतात.

शटरचे वेगवान टप्पे चालतात आणि एक सेकंदाचा टप्पा मध्येच अडखळतो, तेव्हा मंद वेग राखणाऱ्या चाकांवर तेल घट्ट झालेले असते. उपाय धुण्याचा, तेल सोडण्याचा नव्हे. पात्यांवर तेल गेले तर ती एकमेकांना चिकटतात. हे काम सराव नसल्यास जाणकार कारागिराकडे द्यावे.

भात्याची परीक्षा अंधाऱ्या खोलीत होते. आत छोटी टॉर्च धरून भाता बाहेरून पाहावा. घड्यांच्या कोपऱ्यांवर ठिपके चमकले तर तिथे छिद्रे आहेत. आयसोलेटच्या भात्यात हा दोष सर्रास आढळतो. लवचिक काळा रंग लावून ती काही काळ बुजतात. टिकाऊ उपाय नवा भाता बसवण्याचा.

लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकण-मुंबईच्या दमट पावसाळ्यात ती लवकर धरते. वेळीच पुसली तर निघते, उशीर झाला तर काचेवरच्या लेपावर तिचे व्रण राहतात. त्यामुळे दुरुस्त झालेला कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कोंडू नये. चामडे ओल धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा.

शेवटी १०० एएसएची फिल्म भरून लख्ख उन्हात छिद्र १६ आणि वेग १/१०० सेकंदाच्या आसपास ठेवावा. भाता उघडल्यावरच फिल्म पुढे सरकवावी, कारण उघडताना आत ओढल्या जाणाऱ्या हवेने फिल्म जागची उचलली जाते. धुतलेल्या निगेटिव्हवर काळे डाग दिसले तर भाता अजून गळतो. दूरचे दृश्य धूसर आले तर फोकस पुन्हा लावावा लागेल. दोन्ही ठीक असतील, तर कॅमेरा कामाला तयार आहे.