कोंबडीला दात फुटले तेव्हा

हसू नका रे पोरांनो, आजोबा थापा मारत नाहीयेत! पक्ष्यांच्या पूर्वजांचे दात जाऊन दहा कोटी वर्षं होत आली. पण 2006 साली अमेरिकेत मॅथ्यू हॅरिस आणि जॉन फॅलन यांच्या गटाने एक अजब शोध छापला. जन्मजात दोष असलेल्या एका वाणाचं, अजून अंड्यातच असलेलं कोंबडीचं पिल्लू त्यांनी तपासलं. बघतात तर काय, जबड्याच्या कडेला बारीक कोंब! मगरीच्या पिल्लाला पहिले येतात तसे, टोकदार.

हे झालं कसं? त्यासाठी अंड्यातच शिरायला हवं. अंडं उबायला ठेवलं की दुसऱ्याच दिवशी मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटू लागते. तिच्या वरच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि चक्क चालू लागतात. डोक्याच्या बाजूने उतरून त्या घशापाशी गोळा होतात. त्यांच्यातूनच जबड्याचं हाड घडतं. तुझी हनुवटीसुद्धा अशाच पेशींनी घडवली बरं का, सोन्या!

पण कुठे वाढायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांना कळतं कसं? जवळजवळ प्रत्येक पेशीवर एकच केस असतो, सिलियम नावाचा. लांबी मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढी. मुंगी मिशांनी जग चाचपते, तशी पेशी या केसाने शेजाऱ्यांचे निरोप टिपते. हा केस 1898 सालीच दिसला होता, पण हलत नाही, डुलत नाही, म्हणून कित्येक वर्षं निकामी ठरला. 2003 साली न्यूयॉर्कच्या कॅथरीन अँडरसन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर दाखवलं, की हा केस नसेल तर 'हेजहॉग' नावाच्या प्रथिनाचा निरोप पेशीला नीट पोहोचतच नाही.

गंमत पुढेच आहे. पेशीत 'ग्ली' नावाची प्रथिनं असतात. निरोप आला तर ती वाढीला चालना देतात, नाही आला तर त्यांची काटछाट होऊन तीच वाढ रोखतात. ही दोन्ही कामं त्या केसाच्या आधाराने चालतात. केस नसला की चालनाही बिघडते आणि लगामही सुटतो.

आपल्या दातवाल्या पिल्लाचं हेच झालं होतं. 2014 साली त्याचं बिघडलेलं जनुक सापडलं. त्या बिघाडामुळे पेशींवर केस धड उगवतच नाहीत. मग खालची चोच आखूड, टाळू दुभंगलेला, पायांना जास्तीची बोटं, आणि ते दात! अशी पिल्लं अंड्यातच मरतात.

हेच जनुक माणसातही असतं. ते बिघडलं तर बाळाचा टाळू दुभंगलेला असू शकतो, बोटं जास्त असू शकतात. दुभंगलेल्या ओठाची आणि टाळूची इतरही कारणं आहेत, पण ग्रहणात आईने विळी हातात धरली हे त्यातलं नाही. कुणी तसं म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगा, आणि बाळाला डॉक्टरांकडे न्यायला लावा. ओठ आणि टाळू शस्त्रक्रियेने शिवता येतात.