एकशेविसावं पान

कोकणातल्या जुन्या घराची आवराआवर निघाली की माळ्यावरून ठरलेल्याच वस्तू खाली येतात. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, पितळी समया, गंजलेला अडकित्ता, वाळवीनं पोखरलेली देवाच्या तसबिरीची चौकट, आणि जीर्ण फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेले तांब्याचे पैसे. मग ओळखीपाळखीतल्या एखाद्या जाणकाराला बोलावणं जातं. "पणज्याच्या येळचा आसा हां सगळा," घरातलं वडीलधारं माणूस सांगतं. चहा पिऊन होईपर्यंत दुसरा प्रश्न येतोच, "ह्येचे किती गावतले?"

पहिलं वाक्य इतिहासाचं, दुसरं किमतीचं. पारखी माणसाचं सगळं काम या दोहोंच्या मधल्या जागेत चालतं, आणि सिंधुदुर्गात ती जागा जरा जास्तच निसरडी आहे. एक तर इथली हवा खोटं बोलते. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, दमट माजघर आणि कसर यांच्यापुढे तीस वर्षांची वस्तू शंभर वर्षांची दिसू लागते. मालवणात समुद्राकाठच्या घरात लोखंडाला किती लवकर पापुद्रे सुटतात ते पाहिलेला माणूस गंजाच्या जाडीवरून वय सांगण्याच्या भानगडीत पडत नाही. दुसरं म्हणजे घरातली आठवण. 'पणजोबा' हा शब्द वंशावळीतला कमी आणि 'फार पूर्वी' या अर्थाचा जास्त असतो.

तांब्याच्या पैशांचंच घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं दिसली की घरात एकदम शांतता पसरते. ही शिवरायांच्या हातची नाणी, असं सगळ्यांना वाटतं. समोर सिंधुदुर्ग किल्ला असताना तसं वाटण्यात नवल नाही. पण हीच अक्षरं असलेली शिवराई महाराजांच्या नंतर शंभर-सव्वाशे वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी पाडली जात होती. अक्षरांचं वळण, बिंदूंची किनार, वजन, अक्षरांमधल्या आडव्या दांड्या यांवरून ती कुठल्या काळातली ते ठरतं, आणि पुरचुंडीतली बहुतेक नाणी उत्तरकाळातली निघतात. हे सांगताना समोरच्याचा चेहरा पडतो. पारखीचं निम्मं कौशल्य तो पडलेला चेहरा सांभाळण्यात जातं.

पण पारख म्हणजे काय हे या जिल्ह्यात खरोखर शिकायचं असेल तर किनाऱ्यापासून थोडं आत, सावंतवाडीला जावं आणि गंजिफा हातात घ्यावी.

गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. शब्द फारसी, खेळही इराणकडून आलेला. 1527 मध्ये बाबरानं सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. शाह हसनला या खेळाची आवड होती आणि त्यानं ती मागितली होती. पुढे अबुल फझलनं अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या डावाचं वर्णन लिहून ठेवलं. सर्वत्र पसरला तो आठ रंगांचा, 96 पानांचा मोगली डाव. ताज, शमशेर, गुलाम, चंग अशी त्यातल्या रंगांची नावं. दक्षिणेत आणि पूर्वेकडे आल्यावर या दरबारी खेळानं देवांना आपलंसं केलं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार हेच दहा रंग झाले. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, म्हणजे बारा. एकूण 120.

खेळायला तिघं लागतात. प्रत्येकाच्या हातात 40 पानं. हुकूम नाही, जोडीदार नाही. कुठलं पान पडून गेलं हे लक्षात ठेवणाऱ्याचीच सरशी. गंमत अशी की निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि निम्म्या रंगांत ती सगळ्यांत खालची, तिथे प्रधानाच्या मागोमाग एक्का. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. दिवेलागणीची वेळ पाहून नियम बदलणारा पत्त्यांचा दुसरा डाव माझ्या तरी ऐकिवात नाही.

अशी एखादी पेटी समोर आली की काय करायचं?

आधी मोजायचं. पेटी बहुधा लाकडी, सरकत्या झाकणाची, बाहेरूनही रंगवलेली. पानं 120 आहेत की 96, यावरून दशावतारी की मोगली ते कळतं. 108 भरली तर नवग्रहांचा संच असू शकतो. पण अर्धवट पेटीत संख्या दगा देते, म्हणून लगेच चिन्हांकडे वळायचं. मासा, कासव, शंख, चक्र, कमंडलू, परशू, बाण... चिन्हं लावून रांगा केल्या की कुठली रांग फाटकी आहे ते दिसतं. शिवाय हीच चिन्हं मुलूखही सांगतात. ओडिशात बुद्धाच्या जागी जगन्नाथ येतो. बंगालच्या विष्णुपूरची पानं तळहाताएवढी मोठी असतात. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर रंगांची संख्या अठरापर्यंत नेऊन नवेच डाव रचले. माळ्यावरून आलेली पेटी त्या गावातच तयार झाली असेल असं धरून चालणं ही नवशिक्याची चूक. लग्नात, नोकरीत, तीर्थयात्रेत वस्तू फार फिरतात.

मग पान उलटं करून कडेनं बघायचं. पान कशाचं आहे? श्रीमंतांसाठी हस्तिदंताची, कासवाच्या पाठीची पानं होत. बाकीच्यांची कापडाची नाहीतर कागदाची. चिताऱ्याची पद्धत अशी: थरावर थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. जुन्या पानाच्या कडेला थर सुटलेले असले तर ती आपत्ती समजू नये, ती खिडकी आहे. आत हातकागद आहे की गिरणीचा? रद्दी वापरलेली असून तिच्यावर मोडीच्या ओळी असतील तर पेटीपेक्षा पेटीचं पोट बोलकं ठरतं.

रंगांचीही साक्ष काढता येते. हिंगूळ, हरताळ, नीळ, गेरू, काजळी हे जुने रंग. ते सापडले म्हणून पान जुनं ठरत नाही, कारण आजही कुणी ते वापरू शकतो. उलट बाजूची साक्ष मात्र पक्की असते. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला 1920 च्या सुमारास. तो मूळ चित्रात सापडला की 'पेशवाईतली गंजिफा' तिथेच संपते. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा 1828 चा. अतिनील दिव्याखाली लाखेचं रोगण नारिंगी झळकतं, नंतर केलेली डागडुजी वेगळी उठून दिसते. लोक हमखास विचारतात, "कार्बन टेस्ट करता येईल का?" येईल, पण गेल्या साडेतीनशे वर्षांतल्या वस्तूला तिचा उपयोग जवळजवळ नाही. या काळासाठी तिची उत्तरं इतकी सैल असतात की शिवकाल आणि इंग्रजी अमदानी एकाच टोपलीत पडतात.

आणि हात. दरबारी गंजिफा आणि बाजारी गंजिफा हा फरक चिताऱ्यांच्या बोलण्यात पूर्वीपासूनचा. दरबारीत राजाच्या पानावर सगळा थाट, मुकुटाचा एकेक मणी वेगळा. बाजारीत मासा म्हणजे कुंचल्याचे दोन फटके. खरेदीदार दरबारीमागे धावतात. मला स्वतःला बाजारी पानं जास्त आवडतात. दिवसाला कितीतरी पानं हातावेगळी करणाऱ्या माणसाच्या त्या दोन फटक्यांत जी खात्री असते ती मण्यांच्या मुकुटात सापडतेच असं नाही.

सावंतवाडीत ही कला रुजली ती इथल्या सावंत-भोसले राजघराण्याच्या आश्रयानं. आजचा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला. त्यांनी 1755 ते 1803 राज्य केलं. जांभ्या दगडाची ही वास्तू मोती तलावासमोर उभी आहे. गावात चितारआळी अजून आहे, पण तिथल्या दुकानांत लाकडी आंबे, केळी, भातुकली आणि पाट मांडलेले दिसतात. छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर 120 पानं हातानं रंगवून घेणारं गिऱ्हाईक आटलं. 1970 च्या आसपास तर गंजिफा करणारा म्हातारा चितारी शोधावा लागत होता. त्या वेळी शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी हे काम मनावर घेतलं. दोघं स्वतः शिकले, मुलं तयार केली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच कारागिरांची बैठक मांडली. पर्यटक आजही तिथे जाऊन कुंचला चालताना बघतात. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालं.

या पानांचा अभ्यास करणारा एक माणूस मुंबईत होऊन गेला. रुडॉल्फ फॉन लायडन. बर्लिनमध्ये जन्मलेले, शिक्षणानं भूगर्भशास्त्रज्ञ. 1933 मध्ये हिटलरच्या जर्मनीतून मुंबईला आले, टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहू लागले आणि हुसेन, रझा, सूझा या चित्रकारांच्या पिढीच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी गंजिफा गोळा केल्या, तुलना केली, आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं काढलं. भूगर्भशास्त्रज्ञाला थर वाचायची सवय असते, ती इथे कामी आली असावी. हा आपला माझा तर्क.

या पुनरुज्जीवनानं पारख्यांपुढे मात्र एक गोड अडचण उभी केली. नवी पानं मुद्दाम जुन्या वळणानं रंगवलेली असतात, तीच चिन्हं, तशीच पेटी. 1970 च्या दशकात घेतलेला संच आता पन्नाशीचा आहे. तो किनाऱ्यावरच्या कुठल्या घरात राहिला असेल तर हवेनं आपलं काम केलेलं आहे, आणि विकणारा प्रामाणिकपणेच सांगतो की हा राजवाड्यातला आहे. तो राजवाड्यातलाच असतो, फक्त विकणाऱ्याला वाटतं त्या काळचा नसतो.

कायद्याच्या लेखीही हा फरक महत्त्वाचा आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची. पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. त्याच वर्षीचा वन्यजीव कायदा तर वय विचारतच नाही. हस्तिदंताची पानं किंवा विजयदुर्गाकडची गव्याच्या शिंगाची जुनी कलाकुसर कितीही देखणी असली तरी बाजारात मांडायची वस्तू नव्हे. परसात खणताना नाण्यांचं गाडगं लागलं तर तिथे 1878 चा गुप्तधनाचा कायदा येतो. हे ऐकलं की "किती गावतले?" विचारणारे बरेच जण पुरचुंडी पुन्हा बांधून ठेवतात.

मोजणी, चिन्हं, कड, रंग, हात हे सगळं झालं की एक शेवटची गोष्ट करायची. ती करायला कुठलंही यंत्र लागत नाही. सगळी पानं पालथी घालून सतरंजीवर पसरायची आणि उजेड तिरका येऊ द्यायचा.

खेळलेली पानं सारखीच मळतात. पानं पिसली जातात, वाटली जातात, त्यामुळे राजाला वेगळा मळ आणि दुर्रीला वेगळा असं होत नाही. सगळ्यांच्या पाठीवर बोटांचा तेलकट काळपटपणा सारखा चढतो, सगळ्यांच्या कडा सारख्या झिजतात. राजे आणि प्रधान मळलेले पण बाकीची पानं कोरी असतील तर तो संच खेळला गेला नाही, नुसता दाखवला गेला. आणि सगळीच मळकी असून एकच पान उजळ असेल, तर ते आधी बाजूला काढायचं.

असं पान उलटलं की बहुधा राजा निघत नाही. निघते कूर्माची छक्की किंवा वराहाची तिर्री. कासवांचे पाय जरा वेगळे, लाखेचा तांबूसपणा एक छटा फिका, व्यास केसभर कमी. हात दुसऱ्याचा. संग्राहक इथे नाक मुरडतो, कारण संच मूळचा राहिला नाही, भाव पडला. पण 119 पानं तिघांत वाटता येत नाहीत. एक छक्की हरवली म्हणून कुणीतरी उरलेल्या पानांतलं एक पान नमुन्याला खिशात घालून चितारआळीत गेलं, एका पानाचे पैसे मोजले आणि लाख वाळेपर्यंत थांबलं. घरी दोघंजण वाट बघत होते.