कम आणि गो (इंग्रजी क्रियापदे)

कम आणि गो ही इंग्रजी भाषेतील दोन गतिवाचक क्रियापदे आहेत. ‘येणे’ आणि ‘जाणे’ हे त्यांचे कोशातील अर्थ बरोबरच आहेत. मात्र केवळ त्यांवर विसंबणारा मराठी विद्यार्थी काही ठिकाणी हमखास अडखळतो.

या दोन क्रियापदांतील भेद गतीचा नसून दृष्टिकोनाचा आहे. वाशीहून पनवेलला निघालेली लोकल एकच असते. पनवेलच्या फलाटावरील प्रवाशाच्या लेखी ती येत असते, वाशीच्या फलाटावर मागे राहिलेल्याच्या लेखी ती गेलेली असते. वक्ता किंवा श्रोता जेथे आहे अथवा ठरल्या वेळी असणार आहे, त्या दिशेच्या गतीला कम आणि एरवी गो, असा सर्वसाधारण नियम आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९७१ मधील आपल्या व्याख्यानांत या जोडीची बारकाईने चिकित्सा केली. ‘मी उद्या तुमच्या कार्यालयात येतो’ या वाक्यात श्रोत्याचे स्थान प्रमाण मानलेले आहे. इंग्रजीतही येथे ‘आय विल कम’ असेच म्हणतात. स्पॅनिशमध्ये मात्र अशा वेळी ‘जाणे’ या अर्थाचे क्रियापद येते.

खरी अडचण निरोपाच्या वेळी उद्भवते. ‘जातो’ म्हणणे अशुभ मानले जात असल्याने मराठी माणूस ‘येतो’ म्हणून उठतो. दिवा ‘विझवणे’ टाळून तो ‘शांत करणे’ म्हणण्यामागेही हाच संकोच आहे. हे ‘येतो’ म्हणजे वस्तुतः ‘जाऊन येतो’. त्याचे शब्दशः ‘आय ॲम कमिंग’ असे भाषांतर दूरध्वनीवर केल्यास पलीकडचा माणूस वाट पाहत बसतो. तेथे ‘आय मस्ट गो नाऊ’ हेच योग्य. याउलट हाकेला ओ देताना आपण ‘आलो’ असा भूतकाळ वापरतो. इंग्रजीत तेथे ‘आय ॲम कमिंग’ हवे, ‘आय केम’ नव्हे.

काळाचा असाच एक घोटाळा मुलाखतींत ऐकू येतो. ‘आय कम फ्रॉम सातारा’ म्हणजे मी मूळचा साताऱ्याचा. ‘आय ॲम कमिंग फ्रॉम सातारा’ म्हणजे मी आत्ता साताऱ्याहून येत आहे. नवी मुंबईसारख्या, बाहेरगावांहून आलेल्या कुटुंबांनी वसलेल्या शहरात हा फरक उमेदवाराने लक्षात ठेवलेला बरा.

स्थलांतराखेरीज ही क्रियापदे अवस्थांतरही दाखवतात. नेहमीची वा इष्ट स्थिती सुटली की बहुधा गो आणि ती पुन्हा लाभली की कम, असे इव्ह क्लार्क यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. अन्न बिघडते, माणूस आंधळा होतो, तेव्हा इंग्रजीत गो; स्वप्न साकार होते, तेव्हा कम. मराठीही येथे फार दूर नाही: शुद्ध जाते आणि माणूस शुद्धीवर येतो, तोल जातो, श्रम वाया जातात, भान गेलेला माणूस भानावर येतो, वीज जाते आणि येते.

मात्र मराठीतील ‘येणे’ याहूनही ऐसपैस आहे. राग येतो, झोप येते, ताप येतो, पोहता येते, इंग्रजीही ‘येते’. यांतील कोठेही कम चालत नाही. राग आणि झोप यांसाठी इंग्रजीत ‘फील’, तापासाठी ‘हॅव’, पोहण्यासाठी ‘कॅन’ आणि भाषा येण्यासाठी ‘नो’ अशी निरनिराळी क्रियापदे योजावी लागतात.