बोलता येत नाही, म्हणजे सांगायचं काही नाही असं थोडंच आहे? वर्गातलं ‘एएसी’ समजून घ्या

समजा, पाथर्डी तालुक्यातली एक जिल्हा परिषदेची शाळा. बाई वर्गात पाढे विचारतायत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलाला उत्तर येतंय, पण जिभेचे स्नायू साथ देत नाहीत. त्याच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत बाई पुढच्या बाकावर पोहोचलेल्या असतात. हजेरीपटावर तो रोज हजर, वर्गातल्या बोलण्यात मात्र रोज गैरहजर.

अशा मुलांसाठीच आहे ‘ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन’, थोडक्यात एएसी. मराठीत पूरक आणि पर्यायी संवाद.

म्हणजे नक्की काय?

बोलणं आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाला भाषा कळत असते, पण ती आवाजात उतरत नाही. तिथे चित्रं, खुणा, अक्षरांचा तक्ता किंवा बोलणारं यंत्र मदतीला येतं.

मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनी यांनी एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. २०१० मध्ये आलेल्या या पुस्तकाचं नावच ‘वन लिटल फिंगर’ आहे.

यासाठी महागडं मशीन लागतं का?

नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं हीसुद्धा एएसीच. हात चालत नसेल तर मूल नजरेनेही चित्र दाखवू शकतं.

मोबाइल किंवा टॅब असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि ते मराठीतही चालतं. स्क्रीनवर चित्रं असतात आणि कडेला सहा बटणं: आवडतं, हो, अजून आणि त्यांची उलट तीन. चित्र आणि बटण दाबलं की ॲप वाक्य बोलून दाखवतं. चेन्नईचं ‘आवाज’ हे ॲपही याच कामाचं आहे.

ॲपची सवय लागली तर मूल बोलायचं थांबेल?

पालकांची सगळ्यात मोठी भीती हीच. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याविषयीचे जुने अभ्यास तपासले. त्यातल्या सर्वात भरवशाच्या २७ उदाहरणांपैकी एकातही बोलणं कमी झालं नव्हतं. उलट ८९ टक्के उदाहरणांत थोडं का होईना, वाढलंच होतं.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट आहेत. बोलण्याला पूरक अशा पर्यायी साधनांच्या वापराला शाळेत चालना द्यायची. आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत योग्य सहायक साधनं मोफत द्यायची. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूदही आहे. त्यामुळे साधन मागणं म्हणजे कुणाचे उपकार मागणं नव्हे.

अहिल्यानगरमध्ये काय वेगळं करावं लागेल?

पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. शाळेचा टॅब कपाटात राहिला, तर मुलाचा आवाजही सहा महिने कपाटातच. म्हणून चित्रांच्या तक्त्याची लॅमिनेट केलेली एक प्रत मुलाच्या दप्तरात हवीच. त्यात फड, कोपी, बैलगाडी ही चित्रंही हवीत. अकोल्याच्या आदिवासी पाड्यावर घरात बोलला जाणारा शब्द पुस्तकातल्या शब्दापेक्षा वेगळा असू शकतो. तिथे घरचा शब्द आधी घ्या.

शिक्षकांनी सुरुवात कुठून करायची?

१. आधी स्वतः वापरा. ‘पुस्तक उघडा’ म्हणताना चित्रावर बोट ठेवा. मूल बघून शिकतं.

२. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. उत्तर शोधायला वेळ लागतो.

३. तक्ता ‘पाणी’ आणि ‘शू’वर संपवू नका. ‘मला कळलं नाही’, ‘थांबा’, ‘मला नको’ हेही हवं.

४. तक्ता बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. बोलणाऱ्या मुलाची जीभ आपण काढून घेतो का?

यातला तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ज्या मुलाला ‘मला मारलं’, ‘इथे दुखतंय’ हे सांगताच येत नाही, त्याच्यावर होणारा अन्याय कुणाला कळतच नाही. तक्त्यावर ही दोन चित्रं असली, तर त्याला तक्रार करता येते.

तुमच्या ओळखीत असं मूल असेल, तर शाळेत मुख्याध्यापकांना भेटा आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. साधन येईपर्यंत थांबू नका. दहा चित्रांचा तक्ता आज संध्याकाळीही तयार होतो.