प्राध्यापकांचा घरचा दिवस

‘प्राध्यापकाची नोकरी म्हणजे निम्मी सुटीच!’ असें आपल्या घरांतून सर्रास ऐकूं येतें. शेजारचे गृहस्थ साडेनवाला डबा घेऊन कचेरीस निघतात. प्राध्यापकमहाशय मात्र अकरा वाजले तरी झोपाळ्यावर पुस्तक चाळीत बसलेले दिसतात. लोकांना हेवा वाटला तर त्यांत नवल तें काय? परंतु या सुखाचें खरें स्वरूप एकदां नीट पारखून पाहणें अगत्याचें आहे. कारण साऱ्या घराचें स्वास्थ्य त्याच्याशीं निगडित असतें.

प्रथम हिशेब पाहूं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमांत पूर्णवेळ शिक्षकाचें काम आठवड्यास ४० तासांहून कमी नसावें, असें सांगितलें आहे. त्यांत प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकास १६ तास, सहयोगी प्राध्यापकास व प्राध्यापकास १४ तास. रोज निदान ५ तास महाविद्यालयांत असावें, अशीही अट आहे. रविवार सोडून सहा दिवसांचे ३० तास झाले. उरलेल्या १० तासांस घड्याळ नाहीं कीं हजेरीपट नाहीं. वाचन, टिपणें, उत्तरपत्रिका, शोधनिबंध हें सर्व त्यांत बसवावयाचें. आणि तें बसत नाहीं, हें प्राध्यापकाच्या घरच्या माणसांस पुरतें ठाऊक असतें.

तरीही हें सुख आहेच. कामाचा क्रम आपला आपण ठरवावा, सकाळच्या निवांतपणांत कठीण ग्रंथ घ्यावा, दुपारीं घरचा गरम वरणभात जेवून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडावा, मुलें शाळेंतून आलीं कीं घटकाभर त्यांच्याशीं बोलावें, हें भाग्य फार थोड्या नोकऱ्यांत लाभतें. अशा वेळाचें चीज कसें करावें, याचें उदाहरण पुण्यांतच आहे. धोंडो केशव कर्वे १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. तें काम सांभाळूनच त्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला. १९०० सालीं आश्रम हिंगण्यास गेला, तेव्हां कॉलेज आटोपून ते तेथवर पायीं जात. वर्गाबाहेरच्या तासांतून एवढी संस्था उभी राहिली.

आतां दुसरी बाजू. हाच घरचा दिवस प्राध्यापिकेच्या वांट्यास आला म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. पतिराज लिहावयास बसले कीं खोलीचें दार लोटलें जातें, मुलांना दटावलें जातें. पत्नी बसली कीं मात्र ‘आज तूं घरींच आहेस ना?’ असा प्रश्न येतो. मग गॅसची टाकी घेणें, नळ दुरुस्त करवून घेणें, पाहुण्यांचें जेवण, सारें तिच्याच माथीं! २०२० सालच्या टाळेबंदींत घरांतूनच वर्ग चालले, तेव्हां हें काम किती असतें तें सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. पण शाळा-महाविद्यालयें उघडतांच ती आठवण पुसली गेली.

तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांची दशा तर याहून बिकट. त्यांस मानधन घेतलेल्या तासाचें. त्या तासासाठीं घरीं केलेल्या तयारीचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. घरचें काम हें कामच नव्हे, ही एकच समजूत स्वयंपाकघरापासून कार्यालयापर्यंत पसरलेली आहे. ती मोडावयाची तर आरंभ घरापासूनच व्हावयास हवा.

त्यासाठीं थोर उपायांची गरज नाहीं. घरच्या दिवसाचे तीन-चार तास आधीं ठरवून सर्वांस सांगावे. त्या वेळांत दार मिटलेलें असावें, मग आंत कोणीही बसलेलें असो. दारावर येणाऱ्या-जाणाऱ्याचें काम दोघांनीं वांटून घ्यावें. आणि दिवेलागणीच्या सुमारास वही खरोखरच मिटावी. नाहींतर हा मोकळा दिवस मध्यरात्रीपर्यंत लांबतो. वाचकभगिनींनीं व बंधूंनीं येत्या आठवड्यांत एवढें करून पाहावें. घरच्या दिवसाचें सुख घरांतल्या प्रत्येकाच्या वांट्यास येईल, तेव्हांच तें हेवा करण्याजोगें ठरेल.