बखरीचे फाटके पान
१९६८ मध्ये संपलेल्या ‘द प्रिझनर’ या ब्रिटिश मालिकेच्या शेवटी सुटून लंडनला परतलेल्या नायकाच्या घराचे दार कैदेतल्या दारांप्रमाणे आपोआप उघडते, आणि सुटका खरी की भासमान, हा वाद तेथूनच सुरू होतो. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अधिक धीट आहे. कारण १७६१ चे पानिपतचे युद्ध मराठ्यांनी जिंकलेल्या जगातून परतलेल्या इतिहासकाराच्या खिशात, प्रत्यक्षात त्या युद्धात मारले गेलेले पेशवेपुत्र विश्वासराव बचावल्याचे सांगणारे बखरीचे पान उरते आणि ‘सारे स्वप्न होते’ ही सोयीची (खरे तर आळशी) पळवाट बंद होते. पुंजवाद, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांविषयी निश्चित भाकिताऐवजी शक्यता सांगणारा सिद्धांत, या दुसऱ्या जगाच्या स्पष्टीकरणासाठी कथेत आधाराला येतो. परंतु इलेक्ट्रॉनचा नियम अख्ख्या इतिहासाला लागू पडतो, हे त्या स्पष्टीकरणाने सिद्ध होत नाही.